ड्रोनचे पाते सांधू नये

मंडळी, दर्यापूरकडे लग्नाची तिथी आली की आता एक नवा आवाज कानी येतो. मंडपात सनई वाजते. दारात बँड वाजतो. आणि डोक्यावरून गुणगुण येते. मधमाशांचे मोहोळ उठावे तशी ती गुणगुण असते. सारे जण माना वर करतात. पोरे ओरडतात, "आला, आला! ड्रोन आला!"

ड्रोन आता खेड्यापाड्याला नवा राहिलेला नाही. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात सोनोरी नावाचे गाव आहे. तेथे गावठाणाची मोजणी ड्रोनने करून पाहिली. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना निघाली आणि गावोगावच्या घरांची मोजणी आकाशातून होऊ लागली. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने 15,000 महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली.

फवारणीचा ड्रोन मोठा असतो. त्याची निगा शिकवायला वेगळे शिक्षण असते. आज आपण लहान ड्रोनविषयी बोलू. लग्नात फोटो काढणारा, पाव किलोच्या आसपास वजनाचा, तळहातावर मावणारा तो ड्रोन. त्याला चार पंखे असतात. त्या पंख्यांना इंग्रजीत प्रोपेलर म्हणतात. आपण पंखा म्हणू, आणि पंख्याच्या एका पानाला पाते म्हणू.

हे पाते दिसायला बोटाएवढे. वजनाला ग्रामभराच्या आसपास. पण साऱ्या ड्रोनचा जीव त्या पात्यात आहे. आणि खाली उभ्या असलेल्या माणसांचा डोळाही त्यावरच अवलंबून आहे.

बापलेकाचे बोलणे

समजा, तुमच्याच गावातला एक पोरगा आहे. मायच्या बचत गटातून त्याने कर्ज काढले आणि लहान ड्रोन घेतला. लग्नाचे, साक्षगंधाचे फोटो काढून तो चार पैसे मिळवतो. काल ड्रोन तुरीच्या वावरात उतरला. एक पाते धसकटाला घासले. त्याला बारीक चीर पडली. उद्या लग्न आहे. आगाऊ पैसे घेतलेले आहेत.

बाप ओसरीवर बसला आहे. तो म्हणतो, "काय झालं रे?"

"बाबा, पातं चिरलं."

"मंग? लाव त्याले गोंद. बंडीचं जू चिरलं तं आपण लोखंडी पट्टी मारतोच नं."

"नाही जमत बाबा. हे बदलाच लागते."

"कायले? पातं तं बोटाएवढं हाय. आपल्या घरात कोणती वस्तू सांधली नाही, सांग बरं!"

बापाचे बोलणे खोटे नाही. शेतकऱ्याच्या घरात काही वाया जात नाही. पोते फाटले तर दाभणाने शिवतात. दोर तुटला तर गाठ मारतात. टायर पंक्चर झाले तर ठिगळ लावतात. जुन्या लुगड्याची गोधडी होते. ही काटकसर चांगली आहे. तिच्यावरच घर चालते.

पण काही वस्तू अशा असतात की त्या सांधायच्या नसतात. ड्रोनचे पाते त्यांतले एक आहे. का, ते आता पाहू. कारण समजले म्हणजे कोणी सांगावे लागत नाही.

ड्रोन उडतो कसा?

घरातला छताचा पंखा आठवा. तो वारा खाली ढकलतो. वारा खाली जातो तेव्हा पंख्याला वर रेटा बसतो. पंखा जड असतो आणि छताला बांधलेला असतो, म्हणून तो जागचा हलत नाही. आता पंखा अगदी हलका केला, खूप जोराने फिरवला आणि छतापासून सोडवला, तर तो वर जाईल. ड्रोन असाच उडतो. त्याचे चार पंखे हवा खाली लोटतात आणि ड्रोन वर चढतो.

पण चारही पंखे एकाच दिशेला फिरत नाहीत. दोन पंखे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. दोन उलटे फिरतात. समोरासमोर तिरपे असलेले दोन पंखे एका दिशेचे असतात. शेजारशेजारचे दोन विरुद्ध दिशांचे असतात.

असे का? जात्यावर बसलेल्या बाईला विचारा. जाते जोराने एका बाजूला ओढले की अंगाला उलट्या बाजूचा हिसका बसतो. म्हणून ती पाय रोवून बसते. ड्रोनला हवेत पाय रोवायला जागा नाही. चारही पंखे एकाच बाजूला फिरले तर ड्रोन स्वतःच उलटा गरगर फिरू लागेल. दोन इकडे आणि दोन तिकडे फिरले की हिसक्याला हिसका कापतो आणि ड्रोन स्थिर राहतो.

म्हणून पंखेही दोन जातींचे असतात. एका जातीचे पाते उजवीकडे तिरपे, दुसऱ्या जातीचे डावीकडे तिरपे. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायात घालून चालत नाही. तसेच हे आहे.

गुंजभर तुकड्याची ताकद

आता थोडा हिशेब करू. पाटी घ्या.

लहान ड्रोनचा पंखा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 12 सेंटीमीटर असतो. तो मिनिटाला 10,000 फेरे घेतो असे धरू. एका फेऱ्यात पात्याचे टोक सुमारे 38 सेंटीमीटर चालते. 10,000 फेऱ्यांत ते जवळजवळ पावणेचार किलोमीटर चालते, आणि तेही एका मिनिटात! तासाचा वेग काढला तर तो सव्वादोनशे किलोमीटर निघतो. बडनेऱ्यावरून धडधडत जाणारी कोणतीही रेल्वेगाडी इतकी पळत नाही.

गोफण फिरवताना काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. खडा लहान असतो, पण तो हाताला बाहेर ओढतो. जितकी जोराने फिरवावी तितकी ओढ जास्त. पात्याचेही तसेच. ग्रामभर वजनाचे पाते या वेगाने फिरू लागले की आपल्या मुळाला तीन किलोपेक्षा जास्त जोराने बाहेर ओढते. एवढ्याशा पानाला तीन किलोचे ओझे टांगल्यासारखे होते. पाते धड असेल तर ते ही ओढ सहन करते. चीर पडली असेल तर ओढ नेमकी त्या चिरेवर येते. चीर थोडी थोडी वाढत जाते. मग एका क्षणी पाते तुटते.

गोंद का चालत नाही, ते आता ध्यानात आले असेल. गोंद पाते धरून ठेवील, पण जमिनीवर. हवेत तीन किलोची ओढ आणि सतत थरथर असते. त्यात तो सांधा कधी सुटेल याचा भरवसा नाही.

दुसरी गोष्ट तोलाची. पंख्याला दोन पाती असतात. दोन्ही सारख्या वजनाची असतात, म्हणून इकडची ओढ आणि तिकडची ओढ सारखी होते. आता एका पात्याच्या टोकाचा लहानसा तुकडा उडाला असे समजा. सोनाराच्या गुंजेएवढाच. गुंज म्हणजे एका ग्रामचा आठवा हिस्सा. एवढाच तुकडा गेला तरी दुसऱ्या बाजूची ओढ जवळजवळ पाऊण किलोने जास्त होते. ही जादा ओढ सेकंदाला दीडशेहून जास्त वेळा गोल फिरते. म्हणजे कोणी सेकंदाला दीडशे वेळा ड्रोनला हिसके देत आहे!

बंडीच्या चाकाची धाव एका जागी उचकटली तर बंडी कशी दणके खाते? दणक्याने तुंबा सैल होतो आणि आख झिजतो. ड्रोनमध्ये हेच होते. मोटर गरम होते. स्क्रू सैल होतात. कॅमेऱ्याचे चित्र पाण्यातल्या सावलीसारखे हलते. आणि गोंदाचा थेंब लावला तर? गोंदालाही वजन आहे. त्याने तोल आणखी बिघडतो.

शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट

चिरलेल्या पात्याची ही अडचण आजची नाही. विमान जितके जुने आहे, जवळजवळ तितकीच ती जुनी आहे.

अमेरिकेत राईट नावाचे दोन भाऊ होते. सायकलींचे दुकान चालवणारे. त्यांनी 17 डिसेंबर 1903 रोजी इंजिनाचे विमान पहिल्यांदा उडवले. पाच वर्षांनी, 17 सप्टेंबर 1908 रोजी, धाकटा भाऊ ऑर्व्हिल राईट वॉशिंग्टनजवळ फोर्ट मायर येथे लष्करी अधिकाऱ्यांना विमान दाखवत होता. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज हा तरुण अधिकारी बसला होता. विमानाचे पंखे लाकडाचे होते. हवेत असताना एका पंख्याचे पाते चिरले. तोल गेला. पंखा थरथरू लागला आणि शेपटीला ताणून धरणाऱ्या तारेवर आदळला. तार निखळली. विमान खाली आले. ऑर्व्हिलचा पाय आणि बरगड्या मोडल्या. सेल्फ्रिज मरण पावला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात दगावलेला तो पहिला माणूस.

ज्याने विमान शोधून काढले, त्याच्यावरसुद्धा चिरलेल्या पात्याने ही वेळ आणली. मग आपण कोण?

पाते कशाने बिघडते?

आपल्या भागात पाते बिघडण्याची कारणे आपलीच आहेत.

पहिले कारण धसकट. तुरीचे, पऱ्हाटीचे खुंट कापणीनंतर वावरात उभे असतात. त्यात ड्रोन उतरवला की पाते घासते.

दुसरे कारण कापूस. खळ्याजवळ, जिनिंगजवळ हवेत कापसाचे तंतू उडतात. ते पात्याच्या मुळाशी, मोटरच्या दांड्याभोवती गुंडाळतात. मंडपात साडीचा दोरा, केस, झालरीची जर यांचेही तसेच होते. संक्रांतीला पतंगाचा मांजा सर्वांत वाईट.

तिसरे कारण ऊन. वऱ्हाडातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. उन्हात उभ्या केलेल्या मोटारगाडीत किंवा टिनाच्या छपराखाली ड्रोन ठेवला तर प्लॅस्टिकचे पाते वाकते. एकदा वाकले की ते नीट होत नाही.

चौथे कारण पिशवी. ड्रोन पिशवीत कोंबला, वर चार्जर ठेवला, त्यावर टिफिन ठेवला. पाते दाबून राहते आणि वाकडे होते. म्हणून पाती घडी करून, कडक पेटीत, वर ओझे न ठेवता ठेवावी.

पाचवे कारण पाणी. दर्यापूर हा खारपाणपट्टा आहे. येथल्या विहिरींचे पाणी खारट. या पाण्याने ड्रोन पुसला तर पाणी सुकते आणि मीठ मागे राहते. मीठ मोटरला खाते. म्हणून पाती कोरड्या मऊ कापडाने पुसावी. फारच मळली असतील तर पाती काढून घ्यावी, चांगल्या पाण्यात कापड भिजवून घट्ट पिळावे, त्याने पुसावे आणि पाती पूर्ण वाळवून मग बसवावी. घासलेटाने, पेट्रोलने कधी पुसू नये. त्याने प्लॅस्टिक ठिसूळ होऊ शकते.

उडवण्यापूर्वी काय पाहावे?

बैल जुंपण्यापूर्वी आपण जू, जोते, वेसण पाहतो. तसेच ड्रोन उडवण्यापूर्वी रोज पाती पाहावी. दोन मिनिटे लागतात.

आधी ड्रोन बंद करा आणि बॅटरी काढा. ही पहिली पायरी कधीही चुकवू नका. मोटर चुकून सुरू झाली तर बोट कापते.

मग एक एक पाते उजेडात धरा. कडेवरून बोट हळूच फिरवा. कड करवतीसारखी लागली, खाच लागली, तर पाते बाद. मुळाशी नीट पाहा. ओढ तेथे सर्वांत जास्त असते. मुळाशी बारीक रेघ किंवा पांढुरका डाग दिसला तर तेथे पाते दुमडले गेले आहे. तेही बाद. पाते किंचित वाकवून सोडा. करकर आवाज आला तर बाद. नव्या पात्याशेजारी धरून पाहा. पीळ वेगळा दिसला तर बाद.

डोळ्याला दिसत नाही पण ड्रोन पडला होता, कशावर तरी आदळला होता, असे झाले असेल तरी त्या बाजूची पाती बदलणे शहाणपणाचे. आतली चीर वरून दिसत नाही.

मग मोटर बोटाने हळू फिरवा. ती गुळगुळीत फिरली पाहिजे. खरखर लागली तर आत माती गेली आहे. दांड्याभोवती दोरा किंवा तंतू दिसला तर चिमट्याने काढा. मोटर डगमगत असेल तर नवे पाते बसवूनही उपयोग नाही. ती जाणत्या कारागिराला दाखवा.

पाते कसे बदलावे?

पांढरे कापड अंथरा. शेजारी एक ताटली ठेवा. स्क्रू तिळाएवढे असतात. मातीत पडला तर सापडणार नाही.

एक. ज्या मोटरचे पाते बिघडले, त्या मोटरची दोन्ही पाती बदला. एक जुने आणि एक नवे असे ठेवू नका. जुने पाते झिजलेले असते. दोघांचा तोल जमत नाही. जोडीतला एक बैल म्हातारा आणि एक तरणा असला तर औत सरळ जात नाही, तसेच हे.

दोन. नवे पाते त्याच जातीचे घ्या. आता तुम्हाला वाचता येते. वाचण्याचा उपयोग येथे करा. काही पात्यांवर खूण असते. काहींवर ए किंवा बी अक्षर असते. काही ड्रोनच्या ज्या हातावर रेघ असते, त्या हाताला रेघेचे पाते लागते आणि कोऱ्या हाताला कोरे पाते लागते. जशास तसे बसवा. शंका आली तर समोरची तिरपी मोटर पाहा. तिच्यावर जे आहे तेच हिच्यावर.

तीन. आकडेही वाचा. काही पात्यांवर 5030 असे लिहिलेले असते. याचा अर्थ पंखा 5 इंच रुंद आहे आणि त्याची पिच 3 इंच आहे. पिच म्हणजे काय? लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की तो थोडा आत जातो. तसा पंखा एका फेऱ्यात हवेत जेवढा पुढे जायला पाहतो तेवढी त्याची पिच. तुमच्या ड्रोनला जो आकडा लागतो तोच घ्या. जास्त मोठे पाते लावले तर जास्त उडेल, असे नाही. मोटर तापेल आणि बॅटरी लवकर संपेल.

चार. स्क्रू काढायला ड्रोनसोबत आलेला स्क्रूड्रायव्हर वापरा. चाकूचे टोक, पिन, कात्री वापरू नका. स्क्रूचे डोके बुजले की तो निघत नाही.

पाच. नव्या पात्यासोबत नवे स्क्रू आले असतील तर तेच लावा. जुना स्क्रू थरथरीने सैल होण्याची भीती असते. स्क्रू सरळ धरा, घट्ट करा, पण अंगातले सारे बळ लावू नका. प्लॅस्टिक फाटते. घडीचे पाते असेल तर स्क्रू आवळल्यावरही ते सहज उघडले-मिटले पाहिजे.

सहा. काही पंख्यांना स्क्रू नसतो. ते दाबून फिरवून बसतात. बसले की टक असा आवाज येतो. मग हळूच ओढून पाहा. निघाले तर बसले नव्हते.

सात. काढलेले पाते मोडून दोन तुकडे करा आणि भंगारात टाका. नाही तर घाईच्या दिवशी कोणी तेच पुन्हा बसवील. वावरात टाकू नका. जनावराच्या वैरणीत जाईल.

आठ. एक वही ठेवा. तीत तारीख लिहा, कोणत्या बाजूचे पाते बदलले ते लिहा. एकाच बाजूचे पाते पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर दोष पात्यात नाही, मोटरमध्ये आहे. हे वहीच तुम्हाला सांगेल.

पहिले उड्डाण मंडपात नको

पाती बदलल्यावर लगेच लग्नात जाऊ नका. मोकळ्या मैदानात जा. ड्रोन सपाट पाटावर ठेवा. तुम्ही दहा पावले दूर उभे राहा. पोरांना जवळ येऊ देऊ नका. ड्रोन माणसाच्या उंचीएवढा वर न्या आणि मिनिटभर तेथेच ठेवा.

कान द्या. आवाज एकसारखा आहे का? की मधेच घरघर येते? ड्रोन एका बाजूला ओढतो का? थरथरतो का? तसे असेल तर उतरवा आणि पुन्हा पाहा. उजवे पाते डाव्या जागी बसले असेल तर ड्रोन वर चढणारच नाही. जागच्या जागी उलटा होईल. म्हणूनच दूर उभे राहायचे.

सारे ठीक असेल तर उतरवा. मोटरला हात लावण्यापूर्वी पंखे पूर्ण थांबू द्या. स्क्रू पुन्हा एकदा तपासा. आता ड्रोन कामाला तयार.

डोळ्याचे मोल

2015 साली इंग्लंडमध्ये एक घटना घडली. घरच्या ओळखीचा एक माणूस घराजवळ लहान ड्रोन उडवत होता. तो नवखा नव्हता. ड्रोन झाडाला घासला आणि वळला. अंगणात दीड वर्षाच्या आसपासचे एक मूल होते. पाते त्याच्या डोळ्याला लागले. त्या मुलाचा तो डोळा गेला.

तेथे कोणाच्या मनात वाईट नव्हते. ड्रोन महाग होता की स्वस्त, हाही प्रश्न नव्हता. वेगाने फिरणारे पाते मुलाच्या इतके जवळ होते, एवढेच.

म्हणून धड पाते असले तरी मंडपातल्या गर्दीवरून ड्रोन नेऊ नका. एका बाजूने, मोकळ्या जागेवरून न्या. नवरदेवाच्या डोक्यावर ड्रोन आणून फुले टाका, असे कोणी म्हटले तरी नाही म्हणा. उडता ड्रोन हाताने पकडू नका. मांडीवर मूल असलेल्या बाईजवळ तो उतरवू नका.

सरकारनेही नियम केले आहेत. 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोन नियम निघाले. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो. त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोन हौसेसाठी न चालवता पैसे घेऊन चालवायचा असेल तर रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. नकाशावर जो हिरवा पट्टा आहे, तेथेही 400 फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही. पंखे मोठे केले, ओझे लावले, तर वजन वाढते हेही ध्यानात ठेवा.

आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी 2022 मध्ये सरकारने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी घातली. सुटे भाग आणायला मात्र मुभा ठेवली. नवा ड्रोन घेणे सोपे नाही, पाती घेणे सोपे आहे. म्हणून आहे तो ड्रोन जपा. पात्यांचे दोन जादा संच नेहमी पेटीत ठेवा. म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री गोंदाची आठवण होणार नाही.

पुन्हा ओसरीवर

पोराने हे सारे बापाला समजावून सांगितले. बाप थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जू मोडलं तं बैल थांबते. बंडी जागीच उभी राहते. पण हे मोडलं तं खाली लोकाच्या लेकरावर पडते. असंच नं?"

"असंच, बाबा."

"मंग बदल लेका. काहीशे रुपये गेले तं गेले. कोणाचा डोळा जायले नको."

पोराने पेटीतून नवी जोडी काढली. मायने पांढरे कापड अंथरले. बापाने बॅटरीवर चालणारा दिवा धरला. नुकतीच अक्षरे शिकलेल्या मायने पात्यावरची खूण वाचली आणि सांगितली. तिघांनी मिळून दहा मिनिटांत काम केले. जुने पाते बापाने आपल्या हाताने मोडले.

काटकसर म्हणजे सगळेच सांधणे नव्हे. काय सांधावे आणि काय टाकावे, हे ओळखणे म्हणजे काटकसर.

ध्यानात ठेवा

1. हात लावण्यापूर्वी बॅटरी काढा.
2. खाच, चीर, वाक दिसले की पाते बाद. गोंद लावू नका.
3. एका मोटरची दोन्ही पाती एकदम बदला.
4. खूण आणि आकडा वाचून जशास तसे बसवा.
5. पहिले उड्डाण मोकळ्या मैदानात, दहा पावलांवरून.
6. गर्दीवरून आणि मुलांजवळ ड्रोन नेऊ नका.
7. वहीत तारीख लिहा.

सांगा पाहू

1. ड्रोनचे दोन पंखे एका दिशेला आणि दोन उलट का फिरतात?
2. पात्याचा गुंजभर तुकडा उडाला तर काय होते?
3. तुमच्या घरात अशी आणखी कोणती वस्तू आहे, जी सांधण्यापेक्षा बदलणे बरे?